व्हिक्टोरियन घरातली मुलं: १९व्या शतकातलं घरगुती चित्र नीट कसं बघायचं

१९व्या शतकात ब्रिटनमध्ये घरगुती चित्रांचं प्रचंड वेड होतं. म्हणजे फायरप्लेस, आजी, मांजर, टेबलावर अर्धवट राहिलेलं शिवण आणि भोवती चार-पाच मुलं, असली चित्रं. आज अशी चित्रं म्युझियममध्ये किंवा मोबाईलवर समोर आली की बहुतेक जण "किती गोड" म्हणतात आणि पुढे सरकतात, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं, कारण त्या काळी लोक या चित्रांपुढे घोळका करून उभे राहायचे आणि एकेका वस्तूवरून गोष्ट लावायचे. लंडनच्या रॉयल अकॅडमी या कलासंस्थेच्या १८५८ च्या प्रदर्शनात विल्यम फ्रिथच्या 'डर्बी डे' या चित्रापुढे इतकी गर्दी झाली की कठडा लावावा लागला आणि पोलीस उभा करावा लागला. तसं बघणं आपल्यालाही जमतं, फक्त थोडी सवय लागते.

मी ही चित्रं एका ठराविक क्रमाने बघते, तोच सांगते. आधी मूल, मग जमीन, मग भिंती आणि आरसा, मग चौकटीच्या बाहेर कोण आहे ते, आणि सगळ्यात शेवटी पैसा कुणाचा. मूल आधी का, तर मोठ्यांच्या चेहऱ्यावर काय घडलं ते असतं आणि त्याचा परिणाम मुलांच्या अंगावर असतो, आणि चित्रकाराला खरं काय म्हणायचंय ते बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

पण त्याआधी थोडी तयारी. मोबाईलच्या स्क्रीनवर ही चित्रं कळत नाहीत, लॅपटॉप किंवा टॅब घ्या, आणि गुगल इमेजेसमधली कुठलीही छोटी कॉपी नको, लंडनच्या टेट किंवा व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट या म्युझियमच्या स्वतःच्या वेबसाइटवर जा, तिथे झूम चांगला होतो. ब्रिटनमधल्या छोट्या गावांतल्या म्युझियममधली चित्रं आर्ट यूके नावाच्या साइटवर सापडतात. चित्र उघडलं की पहिल्यांदा त्याचं माप बघा, कारण स्क्रीनवर सगळं एकाच आकाराचं दिसतं. ज्या ऑगस्टस एग या चित्रकाराबद्दल पुढे सांगणारे त्याची चित्रं जेमतेम अडीच फूट रुंद आहेत, म्हणजे माणसाने अगदी जवळ जाऊन बघावं अशी, आणि ल्यूक फिल्ड्सचं 'द डॉक्टर' जवळजवळ आठ फूट रुंद आहे, तिथे तुम्ही त्या खोलीत उभे असल्यासारखं वाटतं. मग वर्ष बघा. आणि चित्राखाली म्युझियमने लिहिलेली माहिती लगेच वाचू नका, आधी स्वतः बघून घ्या, मग वाचा, नाहीतर डोळे फक्त त्या माहितीतल्या गोष्टी शोधत बसतात.

आता एग. त्याची तीन चित्रं आहेत, तीही १८५८ च्या त्याच प्रदर्शनात होती, आज लंडनच्या टेटकडे आहेत आणि 'पास्ट अँड प्रेझेंट' या नावाने ओळखली जातात. शिकायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही म्हणून यावर जरा जास्त वेळ घालवते. पहिलं चित्र एका सुखवस्तू घराच्या बैठकीच्या खोलीचं. बाई जमिनीवर पालथी पडलीय, नवरा खुर्चीत सुन्न बसलाय, त्याच्या हातात एक पत्र, बायकोचं दुसऱ्या पुरुषाशी प्रकरण आहे हे त्यातून त्याला कळलंय. सगळ्यांची नजर पहिल्यांदा बाईवर जाते, साहजिक आहे. तुम्ही मात्र डावीकडे बघा, तिथे दोन मुली पत्त्यांचा बंगला बांधतायत. एक मुलगी दचकून आईबाबांकडे वळलीय, दुसरीला अजून पत्ताच नाही, तिचं लक्ष खेळात आहे, आणि बंगला त्याच क्षणी कोसळतोय. बंगला ज्या पुस्तकावर उभा केलाय ते बाल्झाक या फ्रेंच कादंबरीकाराचं आहे. त्या काळच्या इंग्लंडमध्ये फ्रेंच कादंबऱ्या म्हणजे घर बिघडवणारं वाचन असा समज होता, त्यामुळे नुसत्या त्या पुस्तकावरून बघणाऱ्याला घरात काय शिरलंय ते कळायचं.

मुली झाल्या की जमीन. या प्रकारच्या चित्रांत जमीन कधीच सोडू नका, पडलेली, सांडलेली, तुटलेली प्रत्येक गोष्ट मुद्दाम पाडलेली असते. इथे अर्धं सफरचंद बाईच्या जवळ खाली पडलंय आणि उरलेलं अर्धं वर टेबलावर, त्यात सुरी खुपसलेली. नवऱ्याच्या बुटाखाली एक छोटंसं चित्र चिरडलंय, ते त्या दुसऱ्या पुरुषाचं. बाईच्या हातातल्या बांगड्या बघा, हात जोडलेले असल्याने त्या बेड्यांसारख्या दिसतात. मग भिंतीवर या. तिथे बाईचं आणि नवऱ्याचं अशी दोन पोर्ट्रेट आहेत, बाईच्या पोर्ट्रेटजवळ आदम आणि ईव्हला स्वर्गातून हाकलतायत असं चित्र, नवऱ्याच्या पोर्ट्रेटजवळ फुटलेल्या जहाजाचं. मागे आरसा आहे आणि त्यात उघडं दार दिसतं, म्हणजे बाईला कुठे जायचंय ते.

दुसरं आणि तिसरं चित्र पाच वर्षांनंतरचं, दोन्ही एकाच रात्रीची. हे कसं कळतं तर दोन्हीत चंद्र तोच आणि त्याच्याजवळचा ढगाचा तुकडाही तोच, झूम करून दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघा. एकीकडे त्या दोन मुली आता मोठ्या झाल्यात, एका साध्या माळ्यावरच्या खोलीत आहेत, धाकटी थोरलीच्या मांडीत तोंड खुपसून बसलीय आणि थोरली खिडकीतून चंद्राकडे बघतेय. आईबाबांची ती दोन पोर्ट्रेट अजूनही भिंतीवर आहेत. दुसरीकडे आई थेम्सच्या काठावर कमानीखाली बसलीय, तीही चंद्राकडे बघतेय, आणि तिच्या शालीखालून एका बाळाचे बारीक पाय बाहेर आलेत. हे पाय पटकन दिसत नाहीत. पण ते एकदा दिसले की चित्राचा सगळा तोल बदलतो, कारण तिसरं मूलही आहे हे तुम्हाला आत्ता कळलेलं असतं. मागच्या भिंतीवर जाहिराती चिकटवल्यात, त्यातली एक पॅरिसच्या मौजेच्या सहलीची आहे.

इथे वर्षाचा उपयोग होतो. १८५७ मध्ये इंग्लंडमध्ये घटस्फोटाचा नवीन कायदा झाला, चित्राच्या आदल्याच वर्षी. त्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढं एकच कारण पुरायचं, पण बायकोला व्यभिचाराबरोबर क्रूरपणा किंवा सोडून जाणं असं आणखी काहीतरी सिद्ध करावं लागायचं. आणि मुलांचं म्हणाल तर १८३९ च्या कायद्याने आईला सात वर्षांखालच्या मुलांचा ताबा मागता यायचा खरा, पण तिच्यावर व्यभिचार सिद्ध झालेला नसेल तरच. म्हणजे पहिल्या चित्रात बाई जमिनीवर पडलीय त्या क्षणी तिच्या मुली तिच्या हातून गेलेल्याच आहेत, आणि प्रदर्शनात समोर उभ्या असलेल्या प्रत्येकाला हे माहीत होतं. एग या बाईला दोष देतोय की तिची कीव करतोय यावर आजही लोक वाद घालतात. माझं मत विचाराल तर त्या शालीखालच्या पायांमुळे मला कीव जास्त वाटते, नुसता धडा शिकवायचा असता तर बाळाची गरज नव्हती.

सगळी चित्रं इतकी ठासून भरलेली नसतात, हे पण सांगून ठेवते. थॉमस वेब्स्टर नावाचा चित्रकार होता, त्याने शाळेतल्या मुलांची पुष्कळ चित्रं काढली आणि ती हलकीफुलकी आहेत. त्याची 'द स्माइल' आणि 'द फ्राउन' ही जोडी १८४१ ची. दोन्हींत एका बाकावर मुलं ओळीने बसलीत. एकात सगळी हसतायत, दुसऱ्यात सगळ्यांचे चेहरे पडलेत. मास्तर कुठेच नाही! मास्तर चौकटीच्या बाहेर आहे, म्हणजे तुम्ही जिथे उभे आहात तिथे, आणि त्याचा मूड तुम्हाला फक्त मुलांच्या तोंडावरून वाचायचाय. चौकटीबाहेर कोण आहे हा प्रश्न मी वर म्हणाले तो यासाठीच. मूल चित्राबाहेर बघत असेल तर ते कुणाकडे बघतंय, किती उंचावर बघतंय, हे तपासा. नजर वर असेल तर मोठं माणूस आलंय. नजर खाली आणि हात मागे असतील तर काहीतरी लपवलंय.

दुसरी एक सवय लावून घ्या, मुलं मोठ्यांची नक्कल कुठे करतायत ते शोधायची. डेव्हिड विल्कीच्या १८०६ च्या 'द ब्लाइंड फिडलर' मध्ये एक आंधळा म्हातारा एका घरात फिडल वाजवतोय, बाप तान्ह्या बाळासमोर चुटक्या वाजवतोय, आणि उजवीकडे एक पोरगा फायरप्लेसचा भाता गळ्याशी धरून फिडलवाल्याची हुबेहूब नक्कल करतोय. हे निव्वळ मजेसाठी पण असतं, पण पुढच्या पन्नास-साठ वर्षांत याचा वापर फार गंभीर झाला. रॉबर्ट मार्टिनोचं १८६२ चं 'द लास्ट डे इन द ओल्ड होम' बघा, हेही टेटचंच. बापाने जुगारात वडिलोपार्जित घर घालवलंय, लिलाव आहे, सामानावर नंबरांच्या चिठ्ठ्या लागल्यात, लिलावाचा कॅटलॉग जमिनीवर पडलाय, आजी रडवेली झालीय, आणि बाप मात्र हसत शॅम्पेनचा ग्लास उंचावतोय. आता त्याच्या शेजारचा मुलगा बघा, त्याच्याही हातात ग्लास आहे. बायको हात पुढे करून त्याला थांबवू पाहतेय. घर गेलं हे दुःख आहेच, पण चित्राचा खरा प्रश्न त्या मुलाच्या हातातल्या ग्लासात आहे, हा पण बापासारखाच होणार का.

याच्या उलट फ्रेडरिक डॅनियल हार्डी. तो १८५० च्या दशकात केंट परगण्यातल्या क्रॅनब्रुक या गावात राहायला गेला, मग वेब्स्टर पण तिथेच आला, जॉन कॉलकॉट हॉर्स्ली पण आला (१८४३ मध्ये विक्रीसाठी छापलेलं पहिलं ख्रिसमस कार्ड काढणारा तो हाच), आणि या सगळ्यांना मिळून क्रॅनब्रुक कॉलनी म्हणायला लागले. हार्डीच्या चित्रांत मुलं डॉक्टर-डॉक्टर खेळतात, फोटोग्राफर-फोटोग्राफर खेळतात, आपल्याकडच्या भातुकलीसारखंच घरातल्या वस्तू घेऊन सगळं चाललेलं असतं. 'प्लेइंग अ‍ॅट डॉक्टर्स' १८६३ चं आहे, व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये. त्याच्या खोल्या अंधाऱ्या, एका बाजूने खिडकीचा उजेड, मागे एखादं दार उघडं आणि त्यातून आणखी एक खोली दिसते. ही रचना १७व्या शतकातल्या डच चित्रकारांकडून आलेली, पीटर डी होख वगैरे. हार्डीचं चित्र बघताना त्या मागच्या दाराकडे नक्की बघा.

एक छोटी पण कामाची गोष्ट: फ्रॉक घातलाय म्हणजे मुलगीच असं धरून चालू नका. त्या काळी मुलग्यांनाही चार-पाच वर्षांपर्यंत, कधी सहा-सात पर्यंत सुद्धा, फ्रॉकच घालायचे आणि मग पहिली विजार हा घरातला मोठा प्रसंग असायचा. खेळण्यांवरून थोडा अंदाज येतो, ढोल, चाबूक, लाकडी घोडा असेल तर बहुतेक मुलगा. कपड्यांना किंवा पत्राला काळी कड असेल तर घरात कुणीतरी गेलंय.

आता पैसा. ही पायरी लोक गाळतात आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. रिचर्ड रेडग्रेव्हचं 'द गव्हर्नेस' १८४४ चं. काळ्या कपड्यातली तरुण बाई, हातात काळ्या कडेचं पत्र, पियानोवर 'होम, स्वीट होम' चे कागद, आणि तिच्यामागे उन्हात तिच्या विद्यार्थिनी, दोरीच्या उड्यांचा खेळ चाललाय. सुशिक्षित पण गरीब घरातली मुलगी दुसऱ्याच्या घरात दुसऱ्याची मुलं शिकवायला राहते, आणि तिच्या स्वतःच्या घरात कुणीतरी वारलंय तरी ती तिथेच. रेडग्रेव्हची स्वतःची बहीण गव्हर्नेस होती आणि ती तरुणपणीच गेली, त्यामुळे हा विषय त्याच्या अगदी आतला होता. पण गंमत अशी, आदल्या वर्षी त्याने हेच चित्र आधी काढलं तेव्हा त्यात ती बाई एकटीच होती. ज्यांनी ही दुसरी आवृत्ती घेतली त्या जॉन शीपशँक्सना तो एकटेपणा सहन होईना म्हणून त्यांनी मुली घालायला सांगितल्या. मला विचाराल तर मुली आल्यामुळे चित्र कमी दुःखी झालेलं नाहीच, उलट उन्हातल्या त्या मुली आणि सावलीतली ही, यामुळे ते जास्त बोचतं.

शीपशँक्स हे लीड्सच्या कापड कारखानदार घराण्यातले. त्यांनी १८५७ मध्ये २३३ तैलचित्रं देशाला देऊन टाकली, आणि आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये या प्रकारची जी चित्रं दिसतात त्यातली बरीचशी तीच. त्यांच्यासाठी बांधलेल्या गॅलरीत गॅसचे दिवे लावले होते, म्हणजे दिवसा कामावर असणाऱ्या लोकांना संध्याकाळी येऊन बघता यावं. हे खरंच मोठं काम होतं. पण त्याचबरोबर हेही डोक्यात ठेवायचं की चित्रं विकत घेणाऱ्यांत गिरण्या आणि कारखान्यांवर श्रीमंत झालेला वर्ग फार मोठा होता, आणि ज्या गिरण्यांतून हा पैसा यायचा तिथे लहान मुलं काम करायची. कापड गिरण्यांत नऊ वर्षांखालच्या मुलांना बंदी आली ती १८३३ च्या कायद्याने, खाणीत जमिनीखाली दहा वर्षांखालच्या मुलग्यांना बंदी १८४२ मध्ये, आणि पाच ते दहा वयाच्या सगळ्या मुलांना शाळा सक्तीची झाली ती थेट १८८० ला. म्हणून १८५०-६० च्या चित्रातली गालाला लाली असलेली झोपडीतली मुलं बघताना स्वतःला विचारा, यांचे पाय स्वच्छ का आहेत, चुलीशी जळण भरपूर का आहे, यातलं कुणी कामावर का जात नाहीये. चित्रकार खोटं बोलतोय असं माझं म्हणणं नाही. विकत घेणाऱ्याला दिवाणखान्यात काय टांगायला आवडेल हे त्याला माहीत होतं एवढंच.

आणि चित्रकाराचं स्वतःचं घर? फ्रिथचं १८५६ चं 'मेनी हॅपी रिटर्न्स ऑफ द डे' हे वाढदिवसाचं चित्र आहे, फुलांच्या कमानीखाली छोटी मुलगी, टेबलाभोवती सगळं घर, आणि बाप म्हणून फ्रिथ स्वतःच बसलाय. त्याला बायकोपासून १२ मुलं झाली, आणि मेरी आल्फर्ड नावाच्या दुसऱ्या बाईपासून आणखी ७, तिचा संसार वेगळा. हे कळल्यावर चित्र खोटं ठरतं असं मला वाटत नाही, टेबलावरचं प्रेम खरंच असेल, पण आदर्श कुटुंब दाखवणारं चित्र कुणी आणि कशासाठी काढलंय हे विचारायची सवय यातून लागते.

मुलांच्या आजारपणाची चित्रं बघताना थोडं हळू जा. त्या काळात इंग्लंडमध्ये जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी साधारण १५० पहिल्या वर्षातच दगावायची, म्हणजे चित्र बघणाऱ्या जवळजवळ प्रत्येक घराने हे भोगलेलं होतं. 'द डॉक्टर' १८९१ चं, हेन्री टेटनी (टेट म्युझियमला ज्यांचं नाव आहे तेच) सांगून काढून घेतलं. फिल्ड्सचा मोठा मुलगा फिलिप १८७७ च्या ख्रिसमसला वारला होता, आणि तेव्हा उपचार करणाऱ्या डॉक्टरची माया त्याच्या मनात राहिली होती. हे चित्र काढायला त्याने स्टुडिओत चक्क झोपडीची खोली उभी केली. मूल खाटेवर नाही, दोन खुर्च्या जोडून त्यावर झोपवलंय आणि त्या खुर्च्या एकसारख्या पण नाहीत. आईने टेबलावर डोकं टेकलंय, बापाचा हात तिच्या खांद्यावर. डॉक्टर काहीच करत नाहीये, नुसता बघतोय, कारण त्या काळी इतक्या आजारी मुलाला देण्यासारखं त्याच्याकडे फार काही नव्हतंच. आता खिडकीकडे बघा, पहाटेचा उजेड यायला लागलाय. रात्र निघाली, म्हणजे मूल वाचेल अशी आशा. दिव्याचा उजेड आणि खिडकीतला उजेड यांचे रंग वेगळे आहेत, ते शोधून बघा, चित्राची सगळी आशा त्या फरकात आहे.

घरी मुलांबरोबर ही चित्रं बघायची असतील तर गोष्ट आधी सांगू नका. मोठी माणसं कागदाने झाका, फक्त मुलं उघडी ठेवा आणि विचारा, इथे काय झालं असेल. सहा-सात वर्षांची मुलं सुद्धा भारी उत्तरं देतात. एगची चित्रं मात्र थोड्या मोठ्या मुलांनाच दाखवा. सरावासाठी आपल्याकडचं एक चित्र घ्या, राजा रविवर्मांचं १८९३ चं 'देअर कम्स पापा'. ज्यांनी पुढच्याच वर्षी मुंबईत गिरगावात छापखाना काढला आणि ज्यांच्या देवादिकांच्या तसबिरी मराठी घराघरांत लागल्या तेच हे रविवर्मा, पण इथे त्यांनी घरगुती प्रसंग घेतलाय. आई कडेवरच्या बाळाला येणारे बाबा दाखवतेय आणि बाबा चित्रात नाहीतच. वेब्स्टरचा मास्तर आठवून बघा, आणि मग बाळ नक्की कुठे बघतंय ते तपासा.

लंडनला असाल किंवा जाणार असाल तर टेट ब्रिटन आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट दोन्हीकडे कायमच्या संग्रहाला तिकीट नाही. फक्त सगळी चित्रं सगळा वेळ भिंतीवर नसतात, निघायच्या आधी वेबसाइटवर त्या चित्राच्या पानावर ते सध्या लावलंय का ते बघा, आणि एका फेरीत दोन-तीनच चित्रं घ्या, प्रत्येकाला निदान पंधरा मिनिटं द्या.